गुडघे दुखणाऱ्यांनी हिच्याकडे बघा

आभाळ सकाळपासून तोंड फुगवून बसलं होतं. पाऊस नाही, ऊनही नाही. अशा हवेत लाँड्रीवाल्यांचे हाल कुत्रा खात नाही. गच्चीतल्या दोऱ्यांवर हॉटेलच्या पांढऱ्या चादरी कालपासून लोंबत होत्या आणि हात लावला की अजून गारच लागत होत्या. सोपीनं एका चादरीचं टोक गालाला लावून पाहिलं. बोटांना फसवणारी ओल गालाला फसवू शकत नाही, असा तिचा अनुभव. "नाही गं बाई अजून," ती चादरीलाच म्हणाली आणि पुढच्या दोरीकडे वळली.

खालून मालकिणीची हाक आली, "झाल्या का गं?"

"नाही झाल्या."

"मग इस्त्रीखालीच वाळव. हॉटेलवाला येऊन बसेल डोक्यावर."

"इस्त्रीखाली वाळवली की पिवळी पडते. मग तोच येऊन बसेल डोक्यावर, शिव्या घेऊन."

"तर! असं कर, लाँड्री तू चालव, मी येते तुझ्याकडे चादरी चिवडायला."

सोपी हसली नाही. एरवी या वाक्यावर ती हसायची, तिच्या हसण्यासाठीच मालकीण ते रोज नव्यानं म्हणायची. वरून उत्तर आलं नाही तशी मालकीण हात पुसत जिना चढून गच्चीत आली.

"काय झालं? आईचं कसं आहे?"

"तेच. दुपारी जरा लवकर सोडाल का? मास्तरांकडे जाऊन यायचंय."

मास्तरांचं नाव निघताच मालकिणीनं चादरीची चिमट्यानं लावलेली कड उगाच सरळ केली. "जा. जेवून जा पण," एवढंच म्हणाली आणि खाली गेली.

सोपीचं वय चाळिशीला टेकलेलं. खांदे रुंद, मनगटं जाड, चाल मात्र मांजरीची. ओल्या कपड्यांचा टब कमरेवर घेऊन ती जिना चढायची तेव्हा पायरीला पत्ता लागायचा नाही. खऱ्या नावानं तिला कुणी हाक मारत नसे. घरात आई होती, ती 'अगं' म्हणून भागवायची. बाकी सगळ्या गल्लीला, लाँड्रीच्या गिऱ्हाइकांना, दूधवाल्याला ती सोपी. लाँड्रीच्या फळीशी एखादी नवीन बाई कपड्यांचं गाठोडं ठेवायची, हिच्या तोंडाकडे बघत राहायची आणि मग म्हणायची, "अय्या, तुम्ही त्या व्हिडिओतल्या सोपी ना? अहो, तुमच्या जिवावर माझा दंड आत गेला!" आणि तिथल्या तिथे बाही वर करून दाखवायची.

ते व्हिडिओ मास्तरांचे. टायरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर त्यांचा एक लांबोडका हॉल होता आणि तिथे ते कराटे शिकवायचे. सोपी तिथे शाळेत असल्यापासून जायची. धाकटी बहीण तिची पिशवी उचलायला म्हणून मागे मागे यायची, ती कोपऱ्यात बसून बघता बघता शिकली आणि थोरलीच्या पुढे गेली. एका पायावर गरकन फिरून लाथ मारायची तिची लकब अशी होती की मास्तरांनी पहिल्याच महिन्यात तिचं नाव भिंगरी ठेवलं.

पुढे पोरं ओसरली. कराटे शिकायला कुणी येईना. हॉलमध्ये मास्तर आणि पंखा दोघंच उरले. आता हे गाशा गुंडाळणार असं सगळे धरून चालले होते, तर त्यांनी कॅमेरा आणला. त्याच लाथा, तेच ठोसे, पण गाण्याच्या तालावर. समोर शत्रू नाही. शत्रू म्हणजे आपलीच कंबर. बायकांनी घरच्या घरी, टीव्हीपुढे, चटईएवढ्या जागेत करायचं. "दंडाची लोंबती पिशवी आणि पोटाची वळकटी, दोघींना एकाच ठोशात बाहेर काढा!" असं मास्तर ओरडायचे. बायकांना ते फार आवडायचं. नवऱ्यावर उगारता न येणारा ठोसा हवेत मारायला मिळतो म्हणून आवडतं, असं भिंगरीचं मत होतं.

पडद्यावर मास्तर मध्ये, आणि त्यांच्या मागे दोघी बहिणी. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला भिंगरी. ती सगळं पूर्ण करायची. छातीपर्यंत लाथ, उंच उडी, गिरकी. डाव्या हाताला थोरली. ती तेच सगळं हलक्यानं करायची, लाथ गुडघ्याएवढी, उडीच्या जागी नुसतं टाचा उचलून एक पाऊल, गिरकीच्या जागी अर्धं वळण. आणि थोड्या थोड्या वेळानं मास्तर डाव्या बाजूला हात करून म्हणायचे, "ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हिच्याकडे बघा. सोपं आहे, सोपं!" त्यातून तिचं नाव पडलं.

वाटतं तेवढं ते काम सोपं नव्हतं. पूर्ण उडी कुणीही मारतं. उडीचा सगळा जोर अंगात आणायचा आणि जमीन सोडायची नाही, वर ताल चुकवायचा नाही, आणि चेहरा असा ठेवायचा की बघणारीला आपण कमी काही करतोय असं वाटता कामा नये, हे भिंगरीलाही जमायचं नाही. पण कमी करून दाखवणाऱ्याचं कौतुक कोण करणार? तशी मास्तरांना येणारी निम्मी कौतुकं सोपीच्या नावानंच असायची. 'ती फिरणारी मुलगी गोड आहे, पण आमची सगळी भिस्त सोपीवर,' असं बायका लिहायच्या.

"ताई, तू म्हणजे काठी आहेस," भिंगरी म्हणायची. "म्हाताऱ्यांची."

"आणि तू कोण गं?"

"मी जाहिरात."

आईला हा सगळा प्रकार अजिबात मान्य नव्हता. "माकडचेष्टा," असं तिनं एका शब्दात निकालात काढलं होतं. त्या दोघी पडद्यावर दिसायला लागल्या की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी मुद्दाम जोरात आपटायची. तरीही शेजारीण कौतुक करायला आली की दारातच तिला थांबवून विचारायची, "कोणती आवडली? धाकटी ना? तिची गिरकी बघितली का?" थोरलीबद्दल विचारायचं कारण नव्हतं. थोरली होतीच.

मग भिंगरीला ताप आला. साधा ताप म्हणून गोळी घेतली, अंगावर काढला, आणि डॉक्टरांकडे नेलं तोवर उशीर झाला होता. थोडक्यात सांगायचं तर पुढच्या आठवड्यात ती नव्हती. तापाला नंतर कुणी काही नाव दिलं, कुणी काही. नाव कळून माणूस परत येत नाही.

आई भिंतीकडे तोंड करून निजली ती कितीतरी दिवस. सोपी तिला उठवायची, आंघोळ घालायची, दोन घास भरवायची, लाँड्रीत जायची, यायची. रडायला तिला सवड मिळाली ती लाँड्रीतच, तीही ओल्या चादरींच्या आड, कारण तिथे तोंड ओलं दिसलं तरी कुणी विचारत नाही. मास्तरांनी कॅमेऱ्यावर फडकं टाकलं. जुने व्हिडिओ तेवढे तसेच राहिले, जिला हवे ती बघत होती.

आणि एके सकाळी सोपी कामावर जायला निघाली, जिना उतरली आणि आठवलं, डबा विसरला. परत वर आली तर दाराआडून धप धप आवाज. दार लोटलं. टीव्ही लावलेला होता. आवाज बंद. पडद्यावर मास्तर, मागे दोघी. आणि टीव्हीपुढे आई, पदर खोचून, ठोसे मारत होती.

सोपीला काय वाटलं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आई उठली होती, हे पहिलं. आई उभी होती! ती डबा न घेताच उलट्या पावली निघून गेली. दिवसभर उपाशी राहिली आणि तरी मालकिणीला दोनदा आपणहून विनोद सांगितला.

रोज सुरू झालं. हळूहळू आई तिच्यादेखतही करायला लागली. तेव्हा सोपीच्या ध्यानात आलं की आई मास्तरांकडे बघत नाही. डाव्या बाजूकडे तर मुळीच नाही. ती उजवीकडे बघते. भिंगरी छातीएवढी लाथ मारते तेव्हा आईही मारायला जाते. भिंगरी उडते तेव्हा आई उडते. साठी उलटलेली बाई, गुडघ्यांनी कधीच हात टेकलेले, आणि ही धपकन जमिनीवर येते, तोंड वाकडं करते, पुन्हा उडते.

खालच्या मावशी वर आल्या. "अहो, तुम्ही पिठाची गिरणी टाकलीत का? माझ्या छताचे पोपडे आमटीत पडतात."

"आई व्यायाम करते, मावशी."

मावशींनी टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर भिंगरी हसत फिरत होती. मावशींचं तोंड उघडं राहिलं, मग मिटलं. "करू दे, करू दे," असं म्हणत त्या जिन्याकडे वळल्या आणि त्यानंतर छताबद्दल कधी बोलल्या नाहीत.

गुडघा सुजला तेव्हा सोपी बोलली.

"आई, अगं डावीकडे बघ ना. मी दाखवते तसं कर. त्याच्यासाठीच तर मी उभी आहे तिथे. गुडघे दुखणाऱ्यांसाठीच आहे ते."

"माझे नाही दुखत."

"मग रात्री कण्हतं कोण? शेजारचे?"

"तू नको शिकवू मला."

"जगातल्या बायका माझ्याकडे बघून करतात, आई. आणि माझी आई..." तिला पुढचं म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं. "तू एकदा तरी माझ्याकडे बघ की गं."

आईनं खरंच नवल वाटल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. चिडून नाही. साध्या सरळ आवाजात म्हणाली, "तुझ्याकडे काय बघायचं? तू घरातच आहेस."

सोपीनं शेकायची पिशवी भरून आणली आणि आईच्या गुडघ्यावर ठेवली.

मग तिनं युक्त्या करून पाहिल्या. एक दिवस टीव्हीशेजारी स्वतः उभी राहिली आणि आईकडे तोंड करून सगळं हलक्यानं करायला लागली. आईनं मान वाकडी करून तिच्या खांद्यावरून पडदा पाहिला. एक दिवस तिनं टीव्हीची वायर काढून ठेवली आणि टीव्ही बिघडला म्हणून सांगितलं. आईला सगळं पाठ होतं. तिनं काळ्या पडद्यापुढे उभं राहून तेच सगळं केलं. फरक एवढाच की आता ती तोंडानं पुटपुटत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. सोपीनं मुकाट्यानं वायर लावली.

परवा आई पडली.

बघून करायचं ते आरशासारखं करायचं असतं. समोरची ज्या अंगाला वळते, त्याच अंगाला आपण वळायचं. मास्तर प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला हे सांगायचे, पण आईनं आवाज कधी लावलाच नव्हता. बोलणाऱ्या मास्तरांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. लेक उजव्या पायावर फिरली की आईही उजव्याच पायावर फिरायची. लेकीचा उजवा कोणता हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, अंगाखांद्यावर वाढवलेली पोर. इतके दिवस नुसत्या लाथांत ते खपून गेलं. परवा तिनं पहिल्यांदा पूर्ण गिरकी घ्यायचं मनावर घेतलं. पडद्यावर भिंगरी, खोलीत जिकडे मोकळी जागा होती त्या अंगाला फिरली. आई उलट्या अंगाला फिरली आणि तिकडे लोखंडी कपाट होतं.

डॉक्टर म्हणाले, "हाड वाचलंय. पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. पुन्हा पडल्या तर अंथरुणातून उठणं कठीण. हलका व्यायाम करा, जरूर करा, चांगलाच आहे. पण उड्या बंद, गिरक्या बंद."

"ऐकलंस ना?" सोपीनं रिक्षात बसल्यावर विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

आई बाहेर बघत म्हणाली, "सूज उतरली की बघू." आणि मग, जणू सोपी तिथे नाहीच अशा आवाजात, "तेवढाच वेळ ती माझ्याबरोबर असते."

म्हणून आज मास्तरांकडे.

दुपारी दोन घास खाऊन सोपी निघाली. टायरच्या दुकानाच्या बाजूचा जिना तसाच होता, रबराच्या वासाचा. हॉलमध्ये चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या आणि निम्मा हॉल कुणाच्या तरी भाड्याच्या खुर्च्यांनी भरला होता. एकीवर एक चढवलेल्या खुर्च्यांच्या उतरंडीपलीकडे मास्तर टेबलाशी बसून पेपर वाचत होते. म्हणजे पेपर धरून बसले होते.

"ये पोरी," ते उठायला लागले.

"बसा, सर."

"चहा सांगू?"

"नको. आई पडली, सर."

तिनं सगळं सांगितलं. टीव्ही, कपाट, डॉक्टर. मास्तर ऐकताना पेपरची घडी घालत राहिले, घडीवर घडी, शेवटी ती हातात मावेना एवढी जाड झाली.

"काढून टाकतो मी ते सगळे व्हिडिओ," ते म्हणाले. "आजच काढतो. मलाही नको झालंय. बायका अजून लिहितात, ती फिरणारी मुलगी हल्ली दिसत नाही, लग्न झालं वाटतं. काय उत्तर देऊ मी? हो म्हणू?"

"काढू नका."

"मग?"

"भिंगरीच्या पायाला लागलं होतं तेव्हाचा एक व्हिडिओ आहे ना, सर? आमची अदलाबदल केली होती तो."

मास्तरांचा हात थांबला.

झालं होतं असं, की एकदा ऐन शूटिंगच्या आदल्या दिवशी भिंगरीचा पाय जिन्यात मुरगळला. आता काय करायचं म्हणून मास्तर डोकं धरून बसले, तर भिंगरीच म्हणाली, "त्यात काय! उद्या ताई माझ्या जागी, मी ताईच्या जागी. मला जरा म्हातारी होऊन बघू दे." त्या दिवशी सोपी उजवीकडे उभी राहिली होती. किती वर्षांनी तिनं पाय छातीच्या वर नेला होता. गिरकी घेताना सगळा हॉल तिच्याभोवती फिरून पुन्हा जागेवर आला आणि ती जराही डगमगली नाही. गाणं चालू असतानाच मास्तर क्षणभर ताल धरायचे विसरले होते. तो व्हिडिओ कधी लोकांपर्यंत गेला नाही. का, ते तिनं विचारलं नव्हतं.

"तो लावलाच नाही मी," मास्तर म्हणाले. "बायकांचा गोंधळ झाला असता. त्यांना सोपी डावीकडेच लागते. पण त्या दिवशी तू... तुझी गिरकी चांगली होती. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"ते राहू द्या, सर. त्यात तिनं हलकं करून दाखवलंय. उड्या नाहीत, गिरकी नाही. आई तिच्याकडे बघूनच करणार ना? मग करू दे. तिनं दाखवलेलं ती ऐकेल."

मास्तरांनी कॉम्प्युटर सुरू केला. जुनाट यंत्र, कण्हत कण्हत जागं झालं. त्यांनी शोधून काढलं, त्या ओळीवर बोट टेकवलं आणि खुर्ची सोडून उठले. "तू बघून घे, तोच आहे का ते. मी खिडकीत उभा राहतो." आणि खरंच खुर्च्यांच्या पलीकडे जाऊन, पाठ करून उभे राहिले.

सोपीनं चालू केलं.

डाव्या बाजूला भिंगरी होती. पायाला पट्टा, केस वर बांधलेले. तिला हलकं करणं मुळीच जमत नव्हतं. प्रत्येक वेळी टाच जरा जास्तच उचलली जायची, मग ती जीभ चावायची आणि टाच दाबून खाली आणायची. गुडघ्याएवढी लाथ मारायची तर पाय आपोआप वर निघायचा आणि ती त्याला हातानं थोपटून खाली बसवायची, खोडकर पोराला बसवावं तसं. मास्तरांनी सवयीनं हात केला, "गुडघे दुखणाऱ्यांनी..." आणि अडखळून पुढे म्हणाले, "आज हिच्याकडे बघा." भिंगरीनं तेवढ्यात कमरेला हात लावून म्हातारीसारखं वाकून दाखवलं आणि ताईकडे बघून हसली.

सोपीनं तिथेच बंद केलं.

"तोच आहे, सर," ती म्हणाली. आवाज नीट निघाला. खिडकीशी मास्तरांनी नाक पुसलं.

"व्हिडिओ परत सुरू करायचे म्हणतोय," ते पाठ न वळवता म्हणाले. "नुसत्या सोप्याचे. तू पुढे उभी राहशील? मध्ये?"

"बघू," सोपी म्हणाली. "आई चालायला लागू दे."

सूज उतरायला वेळ लागला. तोवर आई खाटेवर बसून रोज विचारायची, "उद्या करू?" आणि सोपी म्हणायची, "परवा." शेवटी एका सकाळी ती आपणहून उठली, भिंत धरून टीव्हीपुढे आली आणि पदर खोचला. सोपीनं तिच्या पुढ्यात एक खुर्ची ठेवली, खुर्चीची पाठ तिच्याकडे करून.

"ही कशाला?"

"धरायला. आज दुसरा लावते. तू बघितलेला नाहीस."

"दुसरा?" आईचा आवाज एकदम बारीक झाला. "अजून आहे?"

मेलेल्या माणसाचं काही न बघितलेलं अजून शिल्लक आहे, हे ऐकताना तिच्या तोंडावर जे आलं ते सोपीला बघवेना. तिनं वाकून बटणं दाबली.

पडदा उजळला. आईची नजर सवयीनं उजवीकडे गेली, तिथे कुणी दुसरीच दिसली, नजर गोंधळली, मध्ये आली, डावीकडे गेली आणि थांबली.

"अगं बाई. ही इकडे कशी?"

"पाय मुरगळला होता तिचा. जिन्यात. आठवतं?"

"हो की. मीच तर शेकून दिला होता." आईनं खुर्ची धरली. "रडली होती केवढी. एवढी मोठी घोडी, आणि रडली."

पडद्यावर भिंगरीनं टाचा उचलून एक पाऊल टाकलं. आईनं टाचा उचलून एक पाऊल टाकलं. भिंगरीनं गुडघ्याएवढी लाथ मारली. आईनं त्याहून कमी मारली आणि पाय हळूच टेकवला. धप झालं नाही. "हळू गं," आई पडद्याला म्हणाली. "पट्टा आहे ना पायाला. हळू." भिंगरीनं जीभ चावली, टाच दाबली. आईनंही टाच दाबली. सोपी दाराच्या चौकटीला टेकून आईच्या गुडघ्यांकडे बघत होती. गुडघे नीट वाकत होते, नीट सरळ होत होते.

मग गिरकी आली. उजवीकडची बाई पायाच्या चवड्यावर उभ्या उभ्या फिरली, तिची लाथ छातीच्या वर गेली आणि ती जिथून निघाली होती तिथेच येऊन अलगद थांबली. डावीकडे भिंगरीनं अर्धं वळण घेतलं. आईनं खुर्ची धरून अर्धं वळण घेतलं. वळून पुन्हा समोर येताना तिचं लक्ष क्षणभर उजवीकडे गेलं असावं.

"ती कोण गं तिकडची?" तिनं धापा टाकत विचारलं. "पाय बरा उचलते की."

चष्मा टीव्हीवर ठेवलेला होता. व्यायामाच्या वेळी आई तो काढून ठेवायची. सोपीनं चष्म्याकडे पाहिलं. दोन पावलं पुढे जाऊन तो उचलावा आणि आईच्या नाकावर ठेवावा, असं तिच्या मनात आलं. पडद्यावर डाव्या बाजूला भिंगरी वाकून म्हातारीचं सोंग करत होती आणि आई हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती, आणि हसता हसता तिचा ताल चुकत नव्हता.

"असेल कुणीतरी," सोपी म्हणाली. "तू तिच्याकडे नको बघू. डावीकडे बघ. गुडघ्याकडे लक्ष दे."

"डावीकडेच बघतेय," आई म्हणाली.

मोरीत नळ खरखरला आणि धार सुरू झाली. पाणी फार वेळ टिकायचं नाही. सोपी आत गेली, बादली विसळून नळाखाली लावली, आणि ती भरेपर्यंत दुसरी घासायला घेतली.